नोंद खरी, उत्तर चुकीचे : गतकालीन नोंदींच्या पृच्छेतील दोष व त्यांचा शोध

सुरत शहरातून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर हे गाव लागते. गावाच्या परिसरात औद्योगिक वसाहत आहे आणि रत्ने व दागिन्यांच्या उद्योगासाठी राखलेले क्षेत्र आहे. जवळच कवास येथे ६५६ मेगावॉट क्षमतेचे वायुविद्युत केंद्र आहे. त्याच्यापुढे हजीरा येथे खत, पोलाद व नैसर्गिक वायू यांचे मोठे कारखाने उभे आहेत. उत्तर भारताकडे जाणाऱ्या हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वायुवाहिनीचा आरंभही येथूनच होतो. या साऱ्या पट्ट्याच्या कडेने वाहणारी तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशातून पुढे गुजरातेत शिरते. खानदेशातील अनेक कुटुंबे उदरनिर्वाहासाठी सुरतेत स्थायिक झालेली आहेत, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणारे आपल्याकडील कित्येक तरुण त्या बाजूच्या कारखान्यांत कामाला लागतात. त्यामुळे इच्छापोरसारख्या ठिकाणी यंत्रांच्या नोंदी कशा ठेवल्या व वाचल्या जातात, हा विषय महाराष्ट्रातील वाचकांनाही परका नाही.

अशा कारखान्यांत टाकीतील पाण्याची पातळी, वाहिनीतील दाब, भट्टीचे तापमान, पंप चालू आहे की बंद, अशा शेकडो गोष्टींची नोंद संगणक अहोरात्र घेत असतो. एका संवेदकाची नोंद दर सेकंदाला घेतली, तर एका दिवसात ८६,४०० नोंदी होतात. पुढे केव्हातरी प्रसंग उद्भवतो आणि कोणीतरी विचारतो : त्या दिवशी पहाटे टाकीत किती पाणी होते? दाब प्रथम केव्हा वाढला? पंप कोणत्या पाळीत बंद पडला? संगणकाला विचारलेल्या अशा प्रश्नास पृच्छा असे म्हणतात. पृच्छेचे उत्तर क्षणार्धात पडद्यावर येते व ते अगदी नीटनेटके दिसते. मात्र नीटनेटके दिसणारे प्रत्येक उत्तर बरोबर असतेच असे नाही. पुष्कळदा मूळ नोंद अचूक असते, परंतु प्रश्न चुकीच्या रीतीने विचारला गेल्यामुळे उत्तर चुकते. हा दोष कसा ओळखावा व कसा दूर करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्रांची सामाईक भाषा

कारखान्यातील यंत्रे निरनिराळ्या उत्पादकांची असतात. पूर्वी प्रत्येक उत्पादकाची संदेश पाठविण्याची पद्धत वेगळी असे आणि एका यंत्राची माहिती दुसऱ्याला समजावी म्हणून दर वेळी स्वतंत्र दुभाषा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९६ मध्ये ओपीसी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिची आरंभीची पद्धत एकाच कंपनीच्या संगणक प्रणालीवर अवलंबून होती. त्यानंतर कोणत्याही संगणकावर चालू शकेल अशी ओपीसी यूए ही पद्धत तयार करण्यात आली आणि आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने तिला ६२५४१ या क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली. या मानकाचे अनेक भाग आहेत. त्यांपैकी अकरावा भाग गतकालीन नोंदींच्या वाचनासंबंधी आहे व तेरावा भाग सरासरी, किमान, कमाल यांसारख्या काढीव आकड्यांसंबंधी आहे.

हे मानक अमलात आणणाऱ्या काही आज्ञावली मुक्त स्रोत स्वरूपाच्या आहेत, म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि परवान्याच्या अटी पाळून वापरता येते. मानकाच्या क्रमांकावरून नाव घेतलेली, सी भाषेत लिहिलेली ओपन६२५४१ ही त्यांपैकी एक होय. जावा भाषेतील एक्लिप्स मायलो हे याच जातीचे दुसरे उदाहरण आहे. लहान कारखाने, पाणीपुरवठा योजना आणि प्रशिक्षण संस्था यांना अशा आज्ञावलींचा लाभ उघड आहे. तथापि परवानाशुल्क नसले तरी अभ्यासाचे मोल द्यावेच लागते. विकत घेतलेल्या यंत्रणेत विक्रेता जे ठरवून देतो, ते येथे वापरणाऱ्याला स्वतः समजून ठरवावे लागते. चुकीच्या उत्तरांचा उगम बहुधा याच ठिकाणी असतो.

या व्यवस्थेत दोन पक्ष असतात. नोंदी सांभाळणारा व उत्तर देणारा तो सर्व्हर, आणि प्रश्न विचारणारी ती ग्राहक-आज्ञावली. तलाठी कार्यालयातील दप्तर आणि उताऱ्यासाठी अर्ज करणारा खातेदार यांच्याशी त्यांची तुलना करता येईल. अर्जात गट क्रमांक चुकला, तर उतारा दुसऱ्याच जमिनीचा मिळतो. त्यात दप्तराचा दोष नसतो.

एका नोंदीची तीन अंगे

गतकालीन नोंद म्हणजे केवळ एक आकडा नव्हे. तिला तीन अंगे असतात : मूल्य, वेळेचा शिक्का आणि गुणवत्तेचा शेरा. टाकीची पातळी ३.२० मीटर हे मूल्य झाले. ते कोणत्या क्षणाचे, हे वेळेच्या शिक्क्यावरून कळते. ते विश्वासार्ह आहे की नाही, हे शेऱ्यावरून समजते. ‘चांगले’, ‘अनिश्चित’ व ‘वाईट’ असे या शेऱ्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

वेळेचे शिक्केही दोन असू शकतात. संवेदकाने मोजमाप केले तो क्षण म्हणजे उगमाची वेळ, आणि ते मोजमाप सर्व्हरला प्राप्त झाले तो क्षण म्हणजे सर्व्हरची वेळ. संपर्क सुरळीत असेल तेव्हा या दोहोंत फारसे अंतर नसते. परंतु तार तुटल्यामुळे दूरच्या पंपगृहाचा संपर्क तासभर खंडित झाला आणि तेथील यंत्राने नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर एकदम पाठविल्या, तर उगमाची वेळ आणि सर्व्हरची वेळ यांत तासाभराचा फरक पडतो. टपालाच्या पत्रावर लिहिल्याची तारीख व पोहोचल्याचा शिक्का यांत जसा फरक असतो, तसाच हा प्रकार होय. घटना केव्हा घडली हे शोधताना उगमाची वेळच आधारभूत मानली पाहिजे. मात्र दूरच्या यंत्राचे घड्याळ चुकत नाही, याची खात्री आधी करून घेणे अगत्याचे आहे.

साडेपाच तासांचा फरक

चुकीच्या उत्तरांचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे वेळेचे मापन. ओपीसी यूए पद्धतीत सर्व वेळा जागतिक समन्वित वेळेनुसार ठेवल्या जातात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे इच्छापोर येथील भिंतीवरील घड्याळात सकाळचे ६ वाजलेले असतात, तेव्हा नोंदीत ० वाजून ३० मिनिटे असा शिक्का पडतो. १० ऑगस्टच्या पहाटे ४ वाजता घडलेली घटना नोंदीत ९ ऑगस्टच्या रात्री साडेदहाची म्हणून दिसते. येथे वेळेबरोबर तारीखही बदलते, हे विशेष ध्यानात घ्यावे.

समजा, पर्यवेक्षकाला सकाळी ६ ते ७ या तासातील पाण्याची पातळी हवी आहे. त्याने वेळेचे रूपांतर न करता ६ ते ७ असेच विचारले. सर्व्हर ही जागतिक वेळ समजतो आणि भारतीय वेळेनुसार साडेअकरा ते साडेबाराच्या नोंदी देतो. उत्तर दाखविताना ग्राहक-आज्ञावलीनेही रूपांतर केले नाही, तर पडद्यावर ६ ते ७ याच वेळा झळकतात. प्रश्नातील चूक आणि उत्तरातील चूक एकमेकींना झाकतात व पाहणाऱ्याला कसलीच शंका येत नाही. दुपारचे पाणी सकाळचे म्हणून कागदावर येते.

या दोषाची ओळख पटविणारी एक खूण आहे. ज्ञात घटना नोंदीत बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल, तर रूपांतर राहून गेले आहे. साडेपाच तास पुढे दिसत असेल, तर ते दोनदा झाले आहे. फरक अकरा तासांचा असेल, तर मिळविण्याऐवजी वजाबाकी झाली आहे. फरक असा ठरावीक नसून दिवसेंदिवस थोडथोडा वाढत असेल, तर एखादे घड्याळच मागे-पुढे जात आहे असे समजावे. सर्व घड्याळे एकाच प्रमाण स्रोताशी जुळवून ठेवणे, हा त्यावरील उपाय होय. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे कार्य नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते.

घड्याळाच्या फरकाचा हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, परंतु मुंबईत त्यानंतर अनेक वर्षे ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ही प्रचारात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, देशातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. त्या काळातील दप्तर वाचणाऱ्याला लेखकाने कोणत्या घड्याळाची वेळ लिहिली आहे हे आधी पाहावे लागते. संगणकाच्या नोंदी वाचतानाही हीच सावधगिरी लागते.

वेळ मोजण्याच्या आरंभबिंदूबाबतही असाच घोटाळा संभवतो. ओपीसी यूए पद्धतीत वेळ १ जानेवारी १६०१ पासून, एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजली जाते. इतर पुष्कळ संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. या दोन आरंभबिंदूंत ११ अब्ज ६४ कोटी ४४ लाख ७३ हजार ६०० सेकंदांचे अंतर आहे. अहवालात १६०१ हे साल दिसले, तर वेळ भरलीच गेलेली नाही असे ओळखावे. तारीख ३६९ वर्षांनी चुकलेली दिसली, तर दोन आरंभबिंदूंची गल्लत झाली आहे असे समजावे.

कालखंडाच्या सीमा

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. जागा वाचविण्यासाठी अनेक यंत्रणा मूल्य बदलले तरच नोंद करतात. उदाहरणादाखल एका टाकीच्या पुढील चार नोंदी घेऊ :

५ वाजून ४० मिनिटे — ३.२० मीटर
६ वाजून २० मिनिटे — ३.०५ मीटर
६ वाजून ५० मिनिटे — २.६० मीटर
७ वाजून १० मिनिटे — २.४० मीटर

सकाळी ६ ते ७ या वेळेतील नोंदी मागितल्या, तर सर्व्हर मधल्या दोनच नोंदी देईल. मग ६ वाजता पाणी किती होते? उत्तरावरून ते कळत नाही, कारण त्याची साक्ष देणारी नोंद ५ वाजून ४० मिनिटांची आहे आणि ती मागितलेल्या कालखंडाच्या बाहेर आहे. याकरिता मानकात सीमामूल्ये मागण्याची सोय ठेवलेली आहे. ती मागितल्यास कालखंडाच्या लगतची आधीची आणि नंतरची नोंदही मिळते. अशी नोंद अस्तित्वातच नसेल, तर सीमा सापडली नाही असा शेरा येतो. तसेच सीमामूल्ये न मागता केलेल्या पृच्छेत आरंभाच्या क्षणाची नोंद धरली जाते व अंताच्या क्षणाची वगळली जाते. बरोबर ७ वाजताची नोंद ६ ते ७ मध्ये येत नाही, ती ७ ते ८ मध्ये येते. लागोपाठच्या दोन तासांत एकच नोंद दोनदा मोजली जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

आता याच तासाची सरासरी काढू. मिळालेल्या दोन आकड्यांची नुसती सरासरी २.८३ मीटर येते. नवी नोंद होईपर्यंत जुने मूल्य कायम राहते असे मानले, तर ३.२० मीटर २० मिनिटे, ३.०५ मीटर ३० मिनिटे व २.६० मीटर १० मिनिटे धरावे लागते आणि सरासरी ३.०३ मीटर येते. दोन नोंदींमध्ये पाणी सारख्या गतीने उतरत गेले असे मानले, तर ती २.८७ मीटर येते. नोंदी त्याच, तास तोच, तरीही तीन उत्तरे आली. यांपैकी पहिले उत्तर वेळेचा विचारच करीत नसल्यामुळे त्याज्य आहे. उरलेल्या दोहोंपैकी कोणते घ्यावे, हे वस्तूच्या स्वभावावरून ठरते. पंप चालू की बंद ही स्थिती पायरीसारखी बदलते, तर पाण्याची पातळी उतारासारखी बदलते. सर्व्हरमध्ये प्रत्येक चलासाठी हे नमूद करण्याची सोय असते. ते नमूद करण्यास विसरल्यास सरासरीच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

अपुरे उत्तर, उलटे उत्तर आणि रिकामे उत्तर

सर्व्हर एका वेळी किती नोंदी द्यायच्या याची मर्यादा घालू शकतो. दर सेकंदाची नोंद असेल आणि मर्यादा १,००० नोंदींची असेल, तर पहिल्या उत्तरात केवळ १६ मिनिटे ४० सेकंदांचा वृत्तान्त येतो. उत्तराच्या शेवटी सर्व्हर पुढील भागाची खूण देतो. जमाखर्चाच्या वहीत ‘पुढील पानावर’ असे लिहावे, तसाच हा संकेत होय. ग्राहक-आज्ञावलीने ती खूण दाखवून उरलेला भाग मागितला नाही, तर तासातील उरलेल्या ४३ मिनिटे २० सेकंदांत काहीच घडले नाही असा समज होतो.

आरंभाची वेळ अंताच्या वेळेनंतरची दिली, तर नोंदी उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटची प्रथम, अशा येतात. मानकाने हे मुद्दाम ठेवले आहे, कारण शेवटच्या दहा नोंदी पाहण्यासाठी ही रीत उपयोगी पडते. मात्र ते ठाऊक नसलेल्या वाचकाला टाकी रिकामी होण्याऐवजी भरत असल्याचे दिसते.

रिकाम्या उत्तराचा अर्थ लावताना विशेष काळजी घ्यावी. त्या काळात नोंद नाही, नोंद आहे पण वाईट शेऱ्याची आहे, आणि नोंद आहे व तिचे मूल्य शून्य आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संवेदक नादुरुस्त झाला असता काही यंत्रे शून्य पाठवितात. शेरा न वाचता ते शून्य सरासरीत मिळविले, तर भरलेली टाकी अर्धी रिकामी ठरते. हजेरीपटावरील कोरी जागा म्हणजे गैरहजेरी नव्हे, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

नोंदी मुळातच साठविल्या गेल्या नसतील, अशीही शक्यता असते. ज्या चलाच्या नोंदी हव्यात, त्याच्यासाठी नोंद घेणे चालू असावे लागते आणि गतकालीन वाचनाची परवानगीही द्यावी लागते. या दोन वेगळ्या खुणा आहेत व दोन्ही तपासाव्यात. ओपन६२५४१ बरोबर मिळणारा साधा साठा संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. सर्व्हर बंद पडला की त्यातील नोंदी जातात. प्रयोगासाठी तो पुरेसा आहे. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र कायमस्वरूपी साठ्याची जोडणी करून घेणे आवश्यक आहे. वीज गेल्यानंतरच्या सकाळी आदल्या दिवसाच्या नोंदी सापडत नाहीत, याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

तास चुकला तर काय होते

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे कोणास वाटेल. त्याचे महत्त्व समजण्यासाठी पुन्हा तापीकडे वळले पाहिजे. सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटर वर उकाई येथे १९७२ मध्ये पूर्ण झालेले मोठे धरण आहे. त्याच्याही वर जळगाव जिल्ह्यात हतनूरचे ४१ दरवाज्यांचे धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला आलेल्या महापुरात उकाईतून होणारा विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पोहोचला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी कोणत्या तासाला किती आले व किती सोडले गेले, या प्रश्नाची चर्चा त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिली. अशा प्रसंगी पातळीच्या व विसर्गाच्या तासवार नोंदी हाच खरा आधार असतो. नदीकाठच्या गावाला सूचना केव्हा मिळाली आणि पाणी केव्हा चढले, यांतील अंतर काही तासांचेच असते. तेथे साडेपाच तासांची चूक झाली, तर आधी काय घडले व नंतर काय घडले याचा क्रमच उलटा होतो. कारखान्यातील अपघाताच्या चौकशीतही तसेच आहे. झडप बंद होती की उघडी, याचे उत्तर एका पाळीवरून दुसऱ्या पाळीवर सरकले, तर निर्दोष कामगारावर ठपका येऊ शकतो.

गावपातळीवर पर्जन्यमापकाची नोंद हे याचे परिचित उदाहरण आहे. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीनुसार चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजला जातो. जागतिक वेळेनुसार तेव्हा ३ वाजलेले असतात. ७ तारखेच्या सकाळी लिहिलेला पाऊस बव्हंशी ६ तारखेला पडलेला असतो. हे न जाणता ७ तारखेचा पाऊस आणि ७ तारखेची नदीची पातळी एकमेकांशेजारी मांडली, तर पावसाआधीच पूर आल्यासारखे दिसते. नोंदवहीत खोटे काहीच नसते. वाचणाऱ्याने सीमा समजून घेतलेली नसते.

दोष शोधण्याची रीत

चुकीचे उत्तर आल्याची शंका येताच मूळ नोंदींत दुरुस्ती करण्याचा मोह टाळावा आणि पुढील क्रमाने तपास करावा :

१. प्रश्न कागदावर पूर्ण वाक्यात लिहावा. कोणता चल, कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि कोणत्या घड्याळानुसार, हे सारे त्यात यावे. निम्म्या चुका या पायरीवरच उघड होतात.

२. एक ज्ञात घटना घडवून आणावी. संबंधितांची परवानगी घेऊन व धोका नसलेल्या ठिकाणी एखादा चल ठरलेल्या क्षणी बदलावा, भिंतीवरील घड्याळाची वेळ लिहून ठेवावी आणि ती घटना नोंदींत कोठे दिसते ते पाहावे. साडेपाच किंवा अकरा तासांचा फरक लगेच उमगतो.

३. प्रथम मूळ नोंदी पाहाव्यात, नंतर सरासरी. काढीव आकड्यात दोष लपतो, मूळ नोंदींत तो दिसतो.

४. लहान कालखंड घ्यावा. पाच-दहा मिनिटांच्या मोजक्या नोंदी सीमामूल्यांसह मागवून हाताने पडताळाव्यात. नंतर कालखंड वाढवीत जावे आणि उत्तर कोठे बिघडते ते पाहावे. नोंदींची संख्या दर वेळी एकाच पूर्ण आकड्यावर थांबत असेल, तर मर्यादेचा दोष आहे.

५. प्रत्येक नोंदीचा शेरा आणि दोन्ही शिक्के छापून घ्यावेत. केवळ मूल्यांचा तक्ता तपासासाठी अपुरा असतो.

६. हाच प्रश्न दुसऱ्या स्वतंत्र ग्राहक-आज्ञावलीने विचारावा. दोघींची उत्तरे निराळी आली, तर दोष विचारणाऱ्या बाजूला असण्याचा संभव अधिक असतो. दोन्ही उत्तरे सारखीच चुकीची आली, तर सर्व्हरची रचना, त्याचा साठा व त्याचे घड्याळ तपासावे.

७. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर आज्ञावलीची आवृत्ती, विचारलेला प्रश्न, अपेक्षित उत्तर व मिळालेले उत्तर यांसह लहानात लहान उदाहरण तयार करून आज्ञावलीच्या रचनाकारांकडे पाठवावे. मुक्त स्रोताचा खरा लाभ येथे होतो. दोष खरोखर संहितेत असेल, तर तो सर्वांसमक्ष दाखविता येतो आणि झालेली दुरुस्तीही सर्वांना मिळते.

तपास पूर्ण झाल्यावर काय चुकले होते व काय बदलले, याची तारखेसह टीप ठेवावी. आधी निघालेल्या अहवालांपैकी कोणते अहवाल त्या चुकीमुळे बाधित झाले, हेही त्या टिपेत नमूद करावे. अन्यथा पृच्छा सुधारते, परंतु जुने चुकीचे आकडे कागदोपत्री तसेच राहतात व पुढील निर्णयांचा आधार बनतात.

शिक्षकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी

शाळेत हा धडा संगणकावाचूनही शिकविता येईल. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच मडक्यातील पाण्याची उंची दिवसभर मोजण्यास सांगावे. एका गटाचे घड्याळ मुद्दाम अर्धा तास मागे ठेवावे. दुसऱ्या दिवशी ११ वाजता पाणी किती होते, असा प्रश्न दोन्ही गटांना विचारावा. त्या क्षणाची नोंद नसेल, तर आधीच्या व नंतरच्या नोंदीवरून उत्तर कसे काढायचे हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. वेळेचा शिक्का, सीमामूल्य व सरासरी या तिन्ही कल्पना एका दिवसात स्पष्ट होतील.

पाणीपुरवठा योजना, पंपगृहे व बंधारे यांच्यावर संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक अहवालाच्या शीर्षभागी तीन गोष्टी छापण्याचा प्रघात ठेवावा : वेळ कोणत्या घड्याळाची आहे, कालखंडाच्या सीमा कशा धरल्या आहेत, आणि वाईट शेऱ्याच्या नोंदींचे काय केले आहे. ग्रामस्थांनीही आपल्या योजनेचा अहवाल हाती आला की या तीन गोष्टी विचाराव्यात. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही.

इच्छापोरच्या कारखान्यातील टाकी असो, हतनूरचा दरवाजा असो वा गावच्या पंपगृहातील मापक असो, यंत्र आपले काम करून नोंद ठेवून जाते. त्या नोंदीवरून कोणाचे पाणी, कोणाची मजुरी, कोणाची नुकसानभरपाई आणि कोणाची सुरक्षितता ठरायची असते. म्हणून प्रश्न काळजीपूर्वक विचारणे आणि उत्तर पडताळून मगच त्यावर सही करणे, हे नोंदी हाताळणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.